तोंडातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठी : मार्कर कसे निवडायचे आणि कसे वाचायचे

हा लेख ओरल पॅथॉलॉजीत नुकत्याच आलेल्या एमडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या टेबलावर तोंडातल्या बायोप्सी अधूनमधून येतात अशा पॅथॉलॉजीच्या रेसिडेंट डॉक्टरांसाठीही. हिरडीवरची लाल, पटकन रक्त येणारी गाठ, टाळूवरचा जांभळा चट्टा, जिभेवरचे पारदर्शक फोड, गालाच्या आतली मऊ गोळी, या सगळ्यांचं निदान शेवटी ‘रक्तवाहिन्यांशी संबंधित’ या एकाच कप्प्यात जाऊ शकतं, आणि त्या कप्प्यात निरुपद्रवी गाठीपासून अँजिओसार्कोमासारख्या घातक कर्करोगापर्यंत सगळं असतं. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे रोजच्या बोलण्यातली आयएचसी, अँटिबॉडी वापरून पेशीतलं ठरावीक प्रथिन (मार्कर) रंगवून दाखवते, आणि इथे खूप मदत करते. पण ‘सीडी३४ पॉझिटिव्ह’ एवढ्यावर ती संपत नाही. रंग कोणत्या पेशीने घेतला, पेशीच्या कोणत्या भागात घेतला आणि शेजारच्या ओळखीच्या पेशींनी काय केलं, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला अर्थ नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तीन प्रश्नांभोवती फिरतात.

पायरी १ : बायोप्सीआधीची माहिती मागवा

तुमचं काम स्लाइडपासून सुरू होतं असं वाटत असलं तरी अर्धं निदान रिक्विझिशन फॉर्मवर असतं. वय, जागा, गाठ जन्मापासून आहे की नंतर आली, किती वेगाने वाढली, रुग्ण गरोदर आहे का, एचआयव्हीची स्थिती काय, पूर्वी त्या भागाला रेडिएशन दिलंय का, हे सगळं लिहिलेलं नसेल तर विभागात फोन करून विचारा. काचेच्या पट्टीने दाबल्यावर गाठ पांढरी पडते का आणि हाताला ठोके लागतात का, हे दोन प्रश्न तर बायोप्सी घेणाऱ्यानेच आधी तपासायला हवेत. ठोके लागणारी गाठ ही वेगाने रक्त वाहणारी विकृती असू शकते. तिच्यावर डॉप्लर किंवा इतर इमेजिंगशिवाय ब्लेड चालवणं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. जबड्याच्या हाडातल्या अशा विकृतीत साधा दात काढतानाही आवरता न येणारा रक्तस्राव झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत.

पायरी २ : फिक्सेशन आणि ब्लॉक

तुकडा दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये घाला. फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट असू द्या. नुसतं नळाच्या पाण्यात पातळ केलेलं फॉर्मॅलिन अनेक दवाखान्यांतून येतं. त्यात बफर नसतो, रक्ताने भरलेल्या ऊतींवर काळपट कण साचतात आणि पुढे ते कण खऱ्या रंगाशी गल्लत करतात.

हाडातली गाठ असेल तर डीकॅल्सिफिकेशनसाठी (हाडातलं कॅल्शियम काढण्यासाठी) ईडीटीए वापरा. त्याला दिवस किंवा आठवडे लागतात आणि क्लिनिकल विभागाला रिपोर्टची घाई असते, हे मान्य. पण नायट्रिक आम्लासारख्या तीव्र आम्लात घातलेल्या तुकड्यात अनेक अँटिजेन (अँटिबॉडी ज्यांना चिकटते ती प्रथिनं) नष्ट होतात, आणि मग ‘निगेटिव्ह’ म्हणजे खरंच निगेटिव्ह की आम्लाने खाल्लेलं, हे कोणीच सांगू शकत नाही. गाठीचा मऊ भाग वेगळा करता येत असेल तर तो आम्लात न घालता स्वतंत्र ब्लॉकमध्ये (मेणाच्या ठोकळ्यात) टाका.

तोंडातल्या बायोप्सी लहान असतात. एच अँड ई, म्हणजे हिमॅटॉक्सिलिन-इओसिन हा नेहमीचा रंग, त्यासाठी कापतानाच, रक्तवाहिन्यांच्या गाठीचा संशय असेल तर, चार्ज्ड स्लाइडवर आठ-दहा जादा सेक्शन (पातळ काप) घेऊन ठेवायला तंत्रज्ञांना सांगा. ब्लॉक पुन्हा मशीनवर लावला की सपाटी साधण्यातच बराच भाग कापून वाया जातो. ज्या कॉलेजांमध्ये आयएचसीची सोय नाही आणि ब्लॉक बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, तिथे तर ही सवय फारच उपयोगी पडते.

पायरी ३ : आधी एच अँड ई

एच अँड ई नीट वाचल्याशिवाय एकही अँटिबॉडी मागवू नका. पॅनेल (एकत्र मागवायचे मार्कर) ठरवण्यासाठी आधी प्रश्न ठरावा लागतो, आणि प्रश्न एच अँड ईच विचारते. वाहिन्या नीट घडलेल्या आहेत का, त्यांची मांडणी लोब्युलमध्ये (छोट्या गुच्छांत) आहे का, एंडोथेलियमचे (वाहिनीच्या आतल्या अस्तराचे) केंद्रक फुगलेले आणि गडद आहेत का, भिंती एकमेकींत मिसळून ऊतींना चिरत गेल्यासारख्या दिसतात का, की वाहिन्या नाहीतच आणि नुसत्या लांबट पेशींच्या मध्ये लाल पेशी अडकलेल्या आहेत?

या पाहणीतून बहुतेक गाठी चारपैकी एका गटात बसतात: वाहिन्या उघड दिसणाऱ्या सौम्य गाठी, लिंफवाहिन्यांसारख्या रिकाम्या पोकळ्या, लांबट पेशींच्या गाठी, आणि गोल, मोठ्या, एपिथेलियमसारख्या दिसणाऱ्या पेशींच्या गाठी. पहिल्या गटात मार्करची गरज बहुतेकदा नसते. लोब्युलर कॅपिलरी हिमँजिओमा, म्हणजेच पायोजेनिक ग्रॅन्युलोमा, एच अँड ईवरच कळतो. तिथे सीडी३१ मागवून रुग्णाचे पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. मार्कर लागतात ते उरलेल्या तीन गटांत.

पायरी ४ : एंडोथेलियमचे मार्कर ओळखा

सीडी३४ जुना आणि खूप वापरला जाणारा. क्यूबीएंड/१० हा त्याचा नेहमीचा क्लोन (अँटिबॉडीचा ठरावीक प्रकार). एंडोथेलियमच्या पेशीआवरणावर सुरेख रंगतो. अडचण अशी की तो रक्ताच्या मूळ पेशींवरही असतो, आणि तोंडातल्या अनेक तंतुमय पेशींवर व तंतुमय गाठींवरही. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, डर्मॅटोफायब्रोसार्कोमा, एपिथेलॉइड सार्कोमाचा मोठा हिस्सा, हे सगळे सीडी३४ घेतात. त्यामुळे सीडी३४ एकट्यावर एंडोथेलियमचं निदान कधीच करू नका. माझ्या मते पहिल्या पॅनेलमध्ये त्याला दुय्यम जागा द्यावी.

सीडी३१, म्हणजे पीईकॅम-१, जास्त विश्वासू. जेसी७०ए हा नेहमीचा क्लोन. खऱ्या एंडोथेलियमवर रंग पेशीच्या कडेने स्पष्ट रेघेसारखा येतो. पण मॅक्रोफेजही सीडी३१ घेतात, फिक्या दाणेदार रूपात. तोंडातल्या व्रण पडलेल्या गाठींत मॅक्रोफेज भरपूर असतात, आणि तिथे सीडी३१ ‘पॉझिटिव्ह’ म्हणून अँजिओसार्कोमा लिहिला गेला तर अनर्थ होतो. शंका आली की शेजारी सीडी६८ हा मॅक्रोफेजचा मार्कर लावा. प्लाझ्मा पेशी आणि प्लेटलेटही सीडी३१ घेतात, हेही लक्षात असू द्या.

ईआरजी हा आज माझ्या दृष्टीने पहिल्या क्रमांकाचा मार्कर आहे. तो ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे, म्हणून रंग केंद्रकात येतो. केंद्रकातला रंग वाचायला नवख्यालाही सोपा, कारण सीरममुळे पार्श्वभूमीवर पसरणारा गढूळपणा इथे गोंधळ घालत नाही. २०११ मध्ये मिएटिनेन आणि सहकाऱ्यांनी त्याची एंडोथेलियमसाठीची उपयुक्तता मोठ्या मालिकेत दाखवली. अपवाद आहेत: प्रोस्टेटच्या कर्करोगांपैकी मोठ्या गटात जनुकांच्या जुळणीमुळे ईआरजी येतं, काही एपिथेलॉइड सार्कोमा आणि काही ल्युकेमियांतही येतं. जबड्यात प्रोस्टेटचा मेटास्टेसिस येऊ शकतो, म्हणून वयस्क पुरुषाच्या हाडातल्या गाठीत हे विसरू नका.

फ्लाय-१ हाही केंद्रकातला, पण लिंफोसाइट आणि ईविंग सार्कोमा दोन्ही तो घेतात. ईआरजी मिळत असेल तर याची गरज थोडीच.

व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, ज्याला जुने लोक फॅक्टर ८ रिलेटेड अँटिजेन म्हणतात, तो एंडोथेलियमच्या वायबेल-पॅलाड कणांत साठतो. हे कण १९६४ मध्ये एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पॅलाड यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर पाहिले. विशिष्टता चांगली, पण दोन अडचणी आहेत. हे प्रथिन रक्तद्रवातही असतं, त्यामुळे रक्त झिरपलेल्या गाठीत सगळीच ऊती तपकिरी दिसते. आणि कमी घडलेल्या घातक पेशी तो गमावतात, म्हणजे जिथे सर्वांत गरज असते तिथेच तो साथ सोडतो.

पायरी ५ : लिंफवाहिनी की रक्तवाहिनी

डी२-४०, म्हणजे पोडोप्लॅनिनविरुद्धची अँटिबॉडी, लिंफवाहिन्यांच्या अस्तरावर येते आणि सामान्य रक्तवाहिन्यांवर येत नाही. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागावरचे बेडकाच्या अंड्यांसारखे फोड पाहिले की ही अँटिबॉडी आठवावी. मात्र फुगून मोठ्या झालेल्या लिंफ पोकळ्यांच्या अस्तरावर रंग फिका पडतो किंवा दिसतच नाही, तेव्हा प्रॉक्स-१ हा लिंफवाहिनीच्या अस्तराचा दुसरा मार्कर लावा. तो केंद्रकात येतो आणि जास्त टिकतो.

तोंडाच्या बायोप्सीत डी२-४० वाचताना आणखी एक सावधगिरी घ्या. लाळग्रंथींच्या मायोएपिथेलियल पेशी आणि काही वेळा म्यूकोसाच्या तळातल्या बेसल पेशीही ती घेतात. लाळग्रंथीची लहान नळी कापली जाऊन तिची कड तपकिरी दिसली तर तिला लिंफवाहिनी समजू नका.

पायरी ६ : ‘मूळ’ या शब्दाची मर्यादा

मार्कर पेशीत आज कोणती प्रथिनं बनत आहेत ते दाखवतात. ती पेशी कुठे जन्मली हे त्यावरून थेट सिद्ध होत नाही. याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कापोसी सार्कोमा. मोरिट्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये तो वर्णिला आणि त्याच्या पेशी कुठल्या यावर पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालला. १९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी एचएचव्ही-८ विषाणू शोधला, आणि नंतर कळलं की हा विषाणू रक्तवाहिनीच्या एंडोथेलियममध्ये शिरला तर तिच्यात प्रॉक्स-१ जागा करून तिला लिंफवाहिनीच्या दिशेने वळवतो. म्हणजे डी२-४० पॉझिटिव्ह आहे म्हणून ‘मूळ लिंफवाहिनीतच’ असं विधान करता येत नाही. थीसिसमध्ये ‘सेल ऑफ ओरिजिन’ असं लिहिताना त्याऐवजी ‘एंडोथेलियल डिफरन्सिएशन’ लिहा. ते खरं असतं आणि व्हायव्हाला टिकतं.

पायरी ७ : कोणत्या गाठीत काय मागवायचं

*लहान मुलाची हिमँजिओमा.* इन्फंटाइल हिमँजिओमाचा मार्कर म्हणजे ग्लूट-१. पॉला नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तो दाखवला. गाठ वाढत असताना आणि विरत असताना, दोन्ही टप्प्यांत तिचं एंडोथेलियम ग्लूट-१ घेतं. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा आणि वाहिन्यांच्या जन्मजात विकृती घेत नाहीत, आणि जन्मतःच पूर्ण वाढलेल्या हिमँजिओमाही सहसा घेत नाहीत. सोय अशी की लाल रक्तपेशी स्वतः ग्लूट-१ जोरात घेतात, त्यामुळे प्रत्येक स्लाइडवर नियंत्रण आपोआप मिळतं. मज्जातंतूंभोवतीचं पेरिन्युरियमही घेतं. प्रौढाच्या ओठावरच्या निळसर फुगीला वर्षानुवर्षं ‘कॅव्हर्नस हिमँजिओमा’ म्हटलं जातं, पण १९८२ मध्ये मलिकन आणि ग्लोवाकी यांनी गाठी आणि विकृती वेगळ्या केल्यापासून, आणि आयएसएसव्हीए या वाहिन्यांच्या विकृतींवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वर्गीकरणानुसार, ती बहुतेकदा शिरांची विकृती असते. उपचार वेगळे आहेत, म्हणून शब्दही वेगळा लिहा. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: वाढत्या इन्फंटाइल हिमँजिओमात केआय-६७ (विभाजित होणाऱ्या पेशींचा मार्कर) भरपूर वाढलेला असतो. त्यावरून घातकपणा ठरवू नका.

*कापोसी सार्कोमा.* टाळू आणि हिरड्या या त्याच्या तोंडातल्या नेहमीच्या जागा. भारतात एचआयव्ही असलेल्या रुग्णांतही तो क्वचितच दिसतो, आणि क्वचित दिसतो म्हणूनच डोळ्यांतून निसटतो. लांबट पेशी सीडी३४, सीडी३१, ईआरजी आणि डी२-४० घेतात, पण निदान पक्कं करतो तो एचएचव्ही-८ चा लाना-१ हा मार्कर. १३बी१० हा त्याचा क्लोन. केंद्रकात ठिपके-ठिपके दिसतात. ते दिसले नाहीत तर कापोसी लिहिण्याआधी पुन्हा पुन्हा विचार करा.

*सॉलिटरी फायब्रस ट्यूमर.* तोंडात तो बहुतेकदा गालात सापडतो, आणि त्याच्या फांद्याफांद्यांच्या वाहिन्या पाहून अनेकांना तो रक्तवाहिन्यांचाच वाटतो. जुन्या पुस्तकांत यातल्या बऱ्याच गाठी हिमँजिओपेरिसायटोमा नावाखाली होत्या. इथे पहिला प्रश्न, ‘रंग कोणत्या पेशीने घेतला’, सर्वांत मोलाचा ठरतो. ईआरजी लावल्यावर फक्त वाहिन्यांचं अस्तर तपकिरी होतं. मधल्या लांबट पेशी कोऱ्या राहतात. सीडी३४ मात्र त्या लांबट पेशीही घेतात. मग स्टॅट६ लावा: त्यांच्या केंद्रकांत तो दिसला की निदान झालं. २०१३ मध्ये एनएबी२ आणि स्टॅट६ या जनुकांची जुळणी सापडल्यानंतर हा मार्कर वापरात आला.

*ग्लोमस ट्यूमर आणि मायोपेरिसायटोमा.* यांच्या पेशी वाहिनीच्या बाहेरच्या असतात, आतल्या अस्तराच्या नाहीत. एसएमए (गुळगुळीत स्नायूंचा मार्कर) पॉझिटिव्ह, ईआरजी निगेटिव्ह. अँजिओलायोमायोमात एसएमएसोबत डेस्मिन हा स्नायूंचा मार्करही येतो.

*एपिथेलॉइड पेशींच्या गाठी.* आपल्याकडच्या पॅथॉलॉजिस्टला सर्वांत जास्त जपायचं ते इथे. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे आपल्या टेबलावर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा रोज येतो, त्यामुळे मोठ्या, गोल, केराटिन (एपिथेलियमचं प्रथिन) पॉझिटिव्ह पेशी दिसल्या की हात आपोआप ‘कार्सिनोमा’ लिहितो. एपिथेलॉइड अँजिओसार्कोमा केराटिन घेऊ शकतो. उलट बाजूचा फासही तितकाच खरा आहे: अकँथोलिटिक स्क्वॅमस सेल कार्सिनोमात पेशी सुटून पोकळ्या पडतात, त्यांत लाल पेशी भरतात, आणि सगळं चित्र अँजिओसार्कोमासारखं दिसतं. म्हणून दोन्ही बाजूंचे मार्कर एकत्र मागवा. एका बाजूला ईआरजी आणि सीडी३१, दुसऱ्या बाजूला पी४० आणि सीके५/६ हे स्क्वॅमस पेशींचे मार्कर. फक्त केराटिनवर किंवा फक्त सीडी३१ वर निर्णय देऊ नका. अकँथोलिटिक कार्सिनोमाच्या बायोप्सीत जवळपास कुठेतरी वरच्या एपिथेलियममधला डिस्प्लेसिया किंवा केराटिनचे मोती सापडतात. ते शोधायला आणखी दोन-तीन खोल सेक्शन कापून घेणं कुठल्याही अँटिबॉडीपेक्षा स्वस्त आहे.

पेशींच्या आत लहान पोकळी आणि तीत एखादी लाल पेशी, भोवती निळसर चकचकीत मॅट्रिक्स, असं दिसलं तर एपिथेलॉइड हिमँजिओएंडोथेलिओमाचा विचार करा. त्यात बहुतेक वेळा डब्ल्यूडब्ल्यूटीआर१ आणि कॅम्टा१ या जनुकांची जुळणी असते, आणि कॅम्टा१ चा रंग केंद्रकात येतो. ही अँटिबॉडी सगळीकडे मिळत नाही. संशय असेल तर ब्लॉक मोठ्या केंद्राकडे पाठवावा.

पायरी ८ : स्लाइड वाचण्याचा क्रम

आधी बाहेरचं पॉझिटिव्ह कंट्रोल, मग प्राथमिक अँटिबॉडी न लावलेली निगेटिव्ह स्लाइड, मग रुग्णाच्याच सेक्शनमधल्या सामान्य वाहिन्या, आणि शेवटी गाठ. कडेच्या सामान्य वाहिन्यांनीच सीडी३१ घेतलं नसेल तर गाठीबद्दल काहीही बोलता येत नाही. टेस्ट पुन्हा करावी लागते. टॉन्सिल हा बहुतेक एंडोथेलियल मार्करसाठी चांगला कंट्रोल आहे, कारण त्यात रक्तवाहिन्या आणि लिंफवाहिन्या दोन्ही असतात.

रंगाची जागा मनात आधीच पक्की करून मगच भिंगाखाली बघा: सीडी३१ आणि सीडी३४ पेशीआवरणावर, व्हॉन विलेब्रँड पेशीद्रवात दाणेदार, ईआरजी, प्रॉक्स-१, लाना-१, स्टॅट६ आणि कॅम्टा१ केंद्रकात. चुकीच्या जागी आलेला रंग पॉझिटिव्ह धरू नका.

रक्तवाहिन्यांच्या गाठींत एक अडचण इतर गाठींपेक्षा जास्त त्रास देते. वारंवार रक्त सांडल्याने हिमोसिडेरिन साचतं, ते सोनेरी तपकिरी असतं, आणि आयएचसीत रंग देणाऱ्या डीएबीचा रंगही तपकिरी. निगेटिव्ह कंट्रोलवर त्याच जागी तेच तपकिरी दिसलं तर ते हिमोसिडेरिन. पर्ल्सचं प्रशियन ब्लू लावून ते निळं झालं की खात्री पटते. लाल रंगाचा क्रोमोजेन (रंग देणारं द्रव्य) उपलब्ध असेल तर हा गोंधळ मुळातच टळतो. लाल रक्तपेशींतल्या पेरॉक्सिडेजमुळेही खोटा रंग येतो, म्हणून ते पेरॉक्सिडेज निष्क्रिय करणारी हायड्रोजन पेरॉक्साइडची पायरी या गाठींत काटेकोरपणे करायला तंत्रज्ञांना सांगा.

पायरी ९ : रिपोर्ट

प्रत्येक मार्करसमोर फक्त ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ लिहू नका. कोणत्या पेशी, पेशीचा कोणता भाग, साधारण किती प्रमाणात आणि किती गडद, हे एका ओळीत लिहा. क्लोन आणि कंट्रोलची नोंद करा. उदाहरणार्थ: ‘गाठीतल्या लांबट पेशी ईआरजी निगेटिव्ह, वाहिन्यांचं अस्तर पॉझिटिव्ह, लांबट पेशींत स्टॅट६ केंद्रकात गडद व सर्वत्र.’ एवढं वाचून दुसऱ्या शहरातला पॅथॉलॉजिस्ट तुमची स्लाइड न पाहताही तुम्ही काय पाहिलं ते समजू शकतो. बायोप्सी फारच लहान असेल, दाबली गेली असेल किंवा आम्लात डीकॅल्सिफाय केलेली असेल, तर तेही रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा, आणि सर्जनला पुन्हा तुकडा पाठवायला सांगण्यात संकोच करू नका. उरलेला ब्लॉक आणि रंग न दिलेल्या स्लाइड नोंदणी क्रमांकासह जपून ठेवा. रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात गेला की त्या मागितल्या जातात.